दोन पंज्या आणि मायचा रोवणा

६ जुलै, रविवार
ठरलं. यंदा आंबागडला मायच्या बांधीतला, म्हणजे तिच्या भातखाचरातला, धानाचा रोवणा मी फुकटात करून देणार; पूर्ण लावणी. मोहाडीत दर रविवारी दुपारी कैलाश आणि प्रफुल्लसोबत पोकर होतोच. यापुढे पैसे बंद, चिंचोके लावायचे. दहा चिंचोके हरला की जिंकणाऱ्याच्या बांधीत एक दिवस रोवायला जायचं. आयडिया माझी. दोघंही फार लवकर हो म्हणाले.
गेम लिमिटचा. एका वेळी ठरलेलेच चिंचोके टाकायचे, जास्त नाही. म्हणजे माणूस बुडायचा प्रश्नच नाही.
मायला फोन केला. म्हटलं, गोदावरीबाईच्या मजुरीने रोवणाऱ्या बायांना नाही सांग, माणसं मी आणतो. माय म्हणाली, "कोण माणसं?" म्हटलं, सरप्राइज.

१३ जुलै, रविवार
अभ्यास पक्का आहे. हातात दोन पत्ते. मग टेबलावर तीन उघडतात, तो फ्लॉप. नंतर आणखी एक, शेवटी आणखी एक. हातात लहान जोडी आणि फ्लॉपवरही जोडी पडली तर लोक घाबरून पत्ते टाकतात. मी टाकत नाही, कारण आपल्या दोन जोड्या झालेल्या असतात.
आज दोन पंज्या आल्या. फ्लॉप: नव्वी, नव्वी, राजा. कैलाश चिंचोके टाकत राहिला, मीही टाकत राहिलो. तिसरी नव्वी त्याच्याकडे नाही हे मी अचूक ओळखलं होतं. नव्हतीच. राजा होता. राजांची जोडी पंज्यांपेक्षा मोठी, म्हणून हरलो.
विश्लेषण मात्र बरोबर होतं. कैलाशकडे एक दिवस रोवायला जावं लागेल. ही इन्व्हेस्टमेंट समजायची.

१६ जुलै, बुधवार
मायचा फोन. "पऱ्हे रोवाले आले बाबू. केव्हा येतेत तुहे माणसं?" म्हटलं, रोपं थांबतील चार दिवस, रविवारनंतर फायनल.
तृप्तीने ऐकलं. म्हणाली, "पत्त्यात माणसं जिंकून सासूबाईचा रोवणा होणार हाय का?" बायकोला गणितात रस नाही. वाद घातला नाही.

२० जुलै, रविवार
हातात दोन तिर्र्या. फ्लॉप: अठ्ठी, अठ्ठी, दुर्री. या वेळी मीच पुढे होतो. शपथेवर सांगतो, पुढे होतो. मीच वाढवलं. प्रफुल्ल आला सोबत, कायले ते त्यालाच ठाऊक. पुढचा पत्ता गुलाम. शेवटचाही गुलाम.
आता टेबलावरच गुलामांची जोडी आणि अठ्ठ्यांची जोडी. त्या तर सगळ्यांच्याच. हात पाचच पत्त्यांचा, त्यात दोनच जोड्या मावतात, म्हणून माझ्या तिर्र्या बसल्या जागी बाद. प्रफुल्लकडे नुसता एक एक्का होता, पाचवा पत्ता मोठा म्हणून तेवढ्यावर तो जिंकला. वर मलाच विचारतो, "काहून गा, तोंड काहून उतरलं?"
निश्चय: फ्लॉपवर जोडी दिसली की लहान जोडी टाकून द्यायची. अपवाद नाही.

२७ जुलै, रविवार
निश्चय पाळला. दोन छक्क्या, फ्लॉपवर दोन दश्श्या आणि चौकी. टाकून दिल्या. कैलाशने हसत पत्ते दाखवले, हातात काहीच नव्हतं. म्हणजे मी जिंकलेला डाव माझ्याच हाताने सोडला.
निश्चय रद्द. त्यानंतर एकही जोडी सोडली नाही. एकही जिंकलो नाही. प्रत्येक वेळी थोडंच हरलो, लिमिटचा हा फायदा.
एकट्या कैलाशकडेच आता आठवडाभर जायचं आहे.

२९ जुलै, मंगळवार
गोदावरीबाईला फोन केला, गुपचूप. ती म्हणाली, पंधरा ऑगस्टपर्यंत एकही बाई रिकामी नाही. "तुह्या मायनंच नाही म्हटलं होतं ना?"
मायचे दोन मिस्ड कॉल. मीटिंगमध्ये होतो असं सांगायचं. खरं म्हणजे भीती वाटली.

३ ऑगस्ट, रविवार
आज खेळायला गेलो ते फक्त वसुलीसाठी. दोन दुर्र्या. फ्लॉपवर दोन सत्त्या. प्रफुल्लकडे तिसरी सत्ती.
मायचा फोन आला नाही. बरं झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार. रात्री, कंबर धरून
सीएल टाकली. कैलाशची बांधी आंबागडलाच, मायच्या बांधीला लागून. गावात मागच्या वाटेने गेलो.
पँट वर करून चिखलात उतरलो. पऱ्ह्यांची जुडी हातात घेतली, पाहिलं तर लांबलचक, पिवळी पडलेली. कैलाशला म्हटलं, पऱ्हे बुढे झाले तुझे, वेळेवर रोवायला पाहिजे होतं. मार्गदर्शन म्हणून.
त्याने आपल्या हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाला, "माहे नाही बापा, माहे कमी पडले. हे तुह्या मायचे हायेत. काल तिनंच बोलावलं. म्हणे, माणसं काही येत नाहीत, सडण्यापरीस तू घेऊन जाय."
पलीकडे मायची बांधी पाण्याने भरलेली, रिकामी. बघवेना. तिच्याकडे पाठ केली आणि खाली मान घालून रोवत राहिलो. फार वाईट वाटत होतं. रोवणा मागे मागे सरकत करायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी पाय मायच्याच बांधीच्या कडेला, धुऱ्याला लागले.
मागून तिचा आवाज आला, "आलास बाबू? बाकीचे माणसं कुठी हायेत?"
म्हटलं, मी एकटाच आहे.