दारातले बुटांचे दोन जोड

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण हल्ली एकदा खाली गेलं की उठवायला माणूस शोधावा लागतो.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? मी इकडे ठणठणीत आहे. हात, पाय, कान आणि पर्स सगळं जागच्या जागी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं तू मधे पाणी न मागता वाचशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

तर तू ज्या कामगिरीवर पाठवलंस तिचा हा अहवाल. पार्श्वभूमी तुला पाठ आहे, पण भावोजी कुठलंही पत्र उघडं दिसलं की वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा लिहिते. तुझ्या भिंगरीला जुने नकाशे दुरुस्त करण्याच्या कार्यशाळेत तीन महिने शिकायला घेतलंय, पन्नास जणींतून एकटीला. तिथे राहायची सोय नाही, म्हणून तिने फोनवर बघून एका अनोळखी बाईच्या घरातली खोली पसंत केली. तू म्हणालीस, परक्या घरात माझी मुलगी राहणार नाही, जीव गेला तरी नाही. (कोणाचा, ते सांगितलं नाहीस.) दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मग तूच तोडगा काढलास, की मुलींच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं रेक्टर असलेल्या बहिणीने आधी तिथे दोन रात्री राहून यावं आणि ती सांगेल ते शेवटचं. पुढच्या गुरुवारपर्यंत होकार गेला नाही तर जागा दुसरीला. म्हणजे पोरीचं सगळं माझ्या एका शब्दावर आलं. खरं सांगू? एवढा भाव मला उभ्या जन्मात कोणी दिला नव्हता.

तयारीही तशीच केली. त्या घरात राहून गेलेल्या बायकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं. (पुरुषांनी लिहिलेलं सोडून दिलं. त्यांना गादी मऊ आणि पाणी गरम याच्यापुढे काही दिसत नाही.) पत्ता तुला दिला, भिंगरीला दिला, शिवाय वसतिगृहाच्या जुन्या पहारेकऱ्यालाही कळवला. बॅगेत शिट्टी, दाराखाली सारायची लाकडी पाचर, तिखटाची पुडी आणि तळाशी आमच्या ह्यांचे दहा नंबरचे काळे बूट. बूट कशाला हे तुला सांगायला नको. बाबा गेल्यावर आईने त्यांचे बूट अकरा वर्षं रोज संध्याकाळी पुसून दाराबाहेर ठेवले. नवा दूधवाला असो नाहीतर विमा विकणारा, त्याला वाटायचं घरात बाप्या माणूस आहे आणि आत्ताच आंघोळीला गेलाय. अकरा वर्षं आंघोळ! पण आत पाऊल टाकायची कोणाची बिशाद झाली नाही.

शनिवारी दुपारी पोचले. तिसरा मजला, लांबलचक पॅसेज, एका टोकाला मालकिणीची खोली, दुसऱ्या टोकाला माझी, मधे स्वयंपाकघर. मालकीण चाळिशीची, किडकिडीत, जाड चष्म्याची. आपण एकट्याच राहतो म्हणाली, किल्ली माझ्या हातावर टाकली आणि सटकन आपल्या खोलीत जाऊन कडी लावली. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी तपासणी उरकली. कडी आतून, भक्कम. आरशावर बोट टेकवून पाहिलं. (का टेकवायचं ते भिंगरीने सांगितलं होतं, ते विसरले, पण टेकवलं.) छताला एक पांढरी डबी होती, तिच्यात लाल ठिपका लुकलुकत होता. छुपा कॅमेरा! स्टुलावर चढून तिला माझी आंघोळीची टोपी घातली. (ती धुराची सूचना देणारी डबी निघाली. म्हणजे मला कोणी बघू शकत नव्हतं, फक्त आग लागली असती तर कळलं नसतं.) मग ह्यांचे बूट दाराबाहेर मांडले, उजव्यात तिखटाची पुडी दडवली आणि पाय मोकळे करायला खाली उतरले.

अर्ध्या तासाने येते तो मालकिणीच्या दारात बूट! पुरुषी, तपकिरी, ह्यांच्यापेक्षा दोन नंबर मोठे. एकटी राहते म्हणे! बंद दाराआडून घर्रर्र असा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर खिडकीत दात. ताई, मी शुद्धीवर राहून लिहितेय. दात, हिरड्यांसकट, आठ जबडे ओळीने वाळत ठेवलेले. मला वाटलं, हे माझ्या आधीचे पाहुणे असावेत.

तिथल्या तिथे बॅग उचलून निघाले असते. पण निघाले असते तर तुला 'नको' असं लिहावं लागलं असतं, आणि भिंगरीने मला स्टेशनवर सोडताना धरलेला हात अजून सुटला नव्हता. म्हटलं, थांब बये, आधी नीट बघू. गॅस पेटवला आणि माझ्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून खणखणीत आवाजात विचारलं, "अहो, चहा टाकू ना तुमचा?" खोली गप्प. (घरीही हे एवढंच उत्तर देतात, त्यामुळे नाटक जड गेलं नाही.) तेवढ्यात मालकीण आली, पांढरीफटक. माझ्याकडे न बघता आपल्या दाराकडे वळून ओरडली, "दादा, साखर दोनच चमचे ना?" मग एका ओट्यापाशी उभ्या राहून आम्ही आपापल्या पुरुषांची ओळख करून दिली. मी ह्यांना कुस्तीत घातलं, तिने दादाला पोलिसात भरती केलं. मी ह्यांना सैन्यात नेलं, तिने दादाच्या रागाची गोष्ट काढली, की एकदा भडकला की त्याला समोरचं दिसत नाही. (हे जन्मभर पोस्टात तिकिटं विकत होते, आणि झुरळ दिसलं की मला हाक मारतात.) चार कप चहा झाला, दोन मी नेले, दोन तिने. तासाभराने पुन्हा तोच खेळ, पुन्हा चार कप.

चार कप चहा एकटीच्या पोटात गेल्यावर बाई खोलीत किती वेळ बसणार? बाथरूम नेमकं मालकिणीच्या टोकाला. जीव मुठीत धरून गेले. बाहेर येताना ते तपकिरी बूट पायाशीच होते आणि माझ्यातली रेक्टर जागी झाली. गुडघ्यावर बसून बूट उलटा केला. तळव्याला धुळीचा कण नाही, दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आत हात घातला तर तीन वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र कोंबलेलं. कसला दादा नि कसलं काय! इतक्यात पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून अशी सणसणीत शिंक आली की मी बूट टाकला. बघते तर मालकीण माझ्या दाराशी गुडघ्यांवर बसलेली, ह्यांच्या उजव्या बुटात कोपरापर्यंत हात, तिखटाने नाक लालभडक. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिथेच फतकल मारून हसत सुटलो. किती वेळ ते विचारू नकोस, माझी बरगडी अजून दुखतेय.

बाई कवळ्या बनवते, दातांच्या डॉक्टरांना पुरवते. घर्रर्र म्हणजे कवळी घासायचं यंत्र. खोली हल्ली फक्त बायकांनाच देते आणि प्रत्येक पाहुणी यायच्या आधी रात्रभर कूस बदलते, की कोण कशी निघेल. 'एकटी येते' असं सांगून मी नवरा घेऊन आले या धसक्याने ती खोलीत शिरली की दर वेळी दाराला कपाट लावत होती. समोरची नर्सबाई रोज आठाला तिला फोन करते आणि उचलला नाही तर येऊन दार वाजवते. आता त्या फोनमध्ये भिंगरीचंही नाव घालायचं, हे मी ठरवून टाकलं. ताई, माझा शब्द हवा होता ना? पाठव. मी सव्वीस वर्षं मुलींच्या दारांच्या कड्या तपासल्या आहेत. ज्या घरात आपल्याइतकंच घाबरणारं माणूस राहतं, तिथे पोरीकडे लक्ष राहतं.

भावोजींना नमस्कार, आणि हे वाचून झालं असेल तर तुझ्या हातात परत द्या म्हणावं.

तुझी,
अजून सहीसलामत असलेली धाकटी

ता. क. १ : आमच्या ह्यांचा फोन येईल. मित्राच्या निरोप समारंभाला ते रबरी चपला घालून गेले आणि बूट चोरल्याचा संशय त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सज्जन वकिलांवर घेतला आहे. तुला काही माहीत नाही.

ता. क. २ : दोन रात्रींऐवजी आठवडाभर राहतेय. निव्वळ तपासणीसाठी. (कवळीला पॉलिश करायला मला छान जमतं.)

ता. क. ३ : खरं काम आता लिहिते. परतताना ह्यांचे बूट मला न्यावेच लागतील, म्हणजे भिंगरीच्या दारात जोड उरत नाही. आई गेल्यावर बाबांचे बूट देऊन टाकले असं तू मला सांगितलंस. ते तुझ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, उशीच्या जुन्या अभ्र्यात. पांघरूण शोधताना दिसले होते. मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते. आई त्या बुटांना दारात बसवायची आणि आपल्या दोघींना शिकायला बाहेर पाठवायची, आठवतं ना? ते काढ, पुसून ठेव. पार्सलने पाठवू नकोस, हरवतात. भिंगरीच्याच हाती दे.