दादाची जोडी

४ मार्च

पक्षाचं ऑफिस आता लॉन्ड्रीच्या वर. दोन खोल्या, एक खिडकी, आणि दिवसभर खालून येणारी इस्त्रीची वाफ. जुनी पाटी जिन्यातून वर येईना. सत्तेत असताना केलेली, केवढी ती लांब! शेवटी खालीच भिंतीला टेकवून ठेवली. लॉन्ड्रीवाला तिच्यावर चादरी वाळत घालतो. त्याला कुणी काही बोलत नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

आज बैठक. साहेब, बेरीज, मी, आणि मागे जांभया देणारे चारजण. बेरीज म्हणजे आमचा सरचिटणीस. समोर माणूस आला की हा आधी डोकं मोजतो, मग नमस्कार करतो, म्हणून हे नाव. त्यानं टेबलावर साखरेचे चौकोनी खडे मांडले. इकडे आम्ही, तिकडे सरकार. "फक्त दोनाचा फरक! दोनाचा!" साहेबांनी बोलता बोलता सरकारमधला एक खडा उचलला आणि चहात टाकला. बेरीज खूश — "असंच! असंच करायचंय!" सगळे हसलो. फार दिवसांनी.

प्रतोद म्हणून मी काय करते? आपल्या लोकांना मतदानाच्या वेळी सभागृहात हजर ठेवते. पडलेल्या पक्षाचा प्रतोद म्हणजे रिकाम्या वर्गाचा मॉनिटर.

६ मार्च

दवाखान्यात. दादा उशांना टेकून बसलेला. हृदय आता नावापुरतं चालतंय असं डॉक्टर म्हणतात. दादाला मात्र मीच आजारी दिसते. "चिमणे, तोंड बघ आरशात. जेवतेस का नाही?"

शेजारी मास्तर पेपर वाचून दाखवत होते. रोज येतात. सरकारी पक्षाचे सदस्य, आणि दादाचे शाळेपासूनचे मित्र. सभागृहात दोघं एकमेकांवर असे तुटून पडायचे की नवीन लोक घाबरायचे. मग उपाहारगृहात एकाच बशीतून बिस्किटं खायचे. दादा आजारी पडला त्या आठवड्यात मास्तर आपणहून माझ्याकडे आले — "जोडी लाव."

जोडीची रीत जुनी. एका बाजूचा माणूस आजारी पडला की दुसऱ्या बाजूच्या एकानं त्याच्यासाठी बाहेर बसायचं. कुणाच्या दुखण्यामुळे कुणाचं सरकार पडू नये, उभं राहू नये. कागद नाही, सही नाही. दोन्ही प्रतोदांसमोर हात मिळवायचा, झालं. दादाला उठता येत नव्हतं. त्याच्या वतीनं मास्तरांशी हात मिळवला तो मीच.

१० मार्च

सरकारनं लहान शाळा बंद करायचं ठरवलं. मास्तर पेपर वाचता वाचता थांबले, चष्मा काढला. "माझीच माणसं, आणि माझीच शाळा!"

दादा म्हणाला, "मग दे की मत विरोधात."

"या वयात घर सोडून जाता येतं का रे?"

मी संत्र्याची सालं उचलून बाहेर गेले. तिथं थांबवेना.

१३ मार्च

ठरलं! शाळांच्या मुद्द्यावर अविश्वास ठराव. समोरचा एक रुसलेला वकील आमच्याकडे येतोय. म्हणजे बरोबरी. पण बरोबरीत ठराव पडतो. एक मत हवं.

बेरीजनं एक खडा बाजूला काढून ठेवला होता, खिडकीशी. बराच वेळ कुणी त्याच्याकडे बघेना. मग तोच म्हणाला, "ताई, तुमचे बंधू."

मला समजायला वेळ लागला नाही. दादाला आणायचं, आणि मास्तर बाहेरच! म्हणजे एकानं आमची सरशी.

मी म्हटलं, "जोडी आहे ती. शब्द दिलाय."

"रीत आहे ताई, कायदा नाही."

साहेब हळू आवाजात बोलले. तसं बोलले की मला नेहमी धडकी भरते. "शिक्षण खातं तुमचं. शाळा तुमच्या हातानं वाचतील. विचार करा."

विचार केला. लाज वाटली, तरी करतच राहिले.

१५ मार्च

दादाला सांगितलं. आधी तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "येतो. पण मास्तरला सांग आधी. त्याला सांगितल्याशिवाय मी या पलंगावरून हलणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "नेऊ नका असं मी सांगणार. तुम्ही ऐकणार नाही हेही दिसतंय."

बेरीजला विचारलं. त्यानं डोक्यावर हात मारला — "त्याला सांगताय? मग त्याच्या प्रतोदालाच का नाही सांगत? माइकवरूनच सांगा ना!"

बरोबर होतं त्याचं. मास्तर कितीही झालं तरी त्यांचे.

१७ मार्च

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"ठीक आहे म्हणाले."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

"बरं," म्हणाला. "माझा काळा कोट इस्त्री करून आण."

बाबा गेले तेव्हा याच माणसानं कॉलेज सोडून मला शिकवलं. माझ्या वेण्या घालायचा. वाकड्या घालायचा, पण घालायचा. आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले, तेही इतकं सफाईदार!

१८ मार्च

खोलीत शिरले तर दोघं बोलता बोलता एकदम गप्प. मास्तरांचे डोळे लाल. दादाचं दुखणं बघवत नसेल.

मास्तर मतदानाच्या वेळी इथंच बसलेले असले तर दादाला न्यायचं कसं? म्हणून आईचं निमित्त काढलं. "मास्तर, उद्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्याल का? मला सभागृहात काम आहे."

"उद्याच?"

"हो. वेळ मिळत नाही त्यांची."

ते चष्मा पुसत बसले. "नेतो की. तू निवांत जा."

निवांत!

१९ मार्च

जिंकलो.

नीट लिहायला हवं. दादाला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. काळा कोट दोन मापं मोठा झाला होता. आमच्या बाजूनं टाळ्या. समोरून आधी शांतता, मग एकच ओरडा — "मास्तर कुठंत? जोडी मोडली! जोडी मोडली!" त्यांचा प्रतोद माझ्याकडे बघत होता. ओरडला नाही. आम्ही कितीतरी वर्षं एकमेकांच्या शब्दावर घरी जेवायला गेलोय.

"ठरावाच्या बाजूचे उभे राहा." सगळे उभे. दादाला उभं राहता येईना, त्यानं हात वर केला. सभापतींनी मोजलं, पुन्हा मोजलं. तोवर तो हात वरच. मी धरायला गेले तर "सोड" म्हणाला.

मास्तरांच्या रिकाम्या जागेकडे त्यानं एकदा बघितलं. फक्त एकदाच.

२० मार्च

पाटी आज मोठ्या ऑफिसला गेली. लॉन्ड्रीवाल्यानं स्वतः पुसून दिली. लोक बदलतात ते असे, ओल्या फडक्यानं.

आईला विचारलं, मास्तर काय म्हणाले? "काही नाही गं. फोन सारखा वाजत होता, पण घेतला नाही त्यानं. दवाखान्यात घेऊ नये म्हणाला. मग औषधाच्या दुकानात रेडिओवर निकाल लागला. ऐकला आणि हसला."

हसले? कसे हसले असतील ते मी समजू शकते. त्यांच्या पक्षानं त्यांना आज काढून टाकलं. बेसावध राहिले म्हणून.

२२ मार्च

शपथ घेतली. हार, फोटो. बेरीज माझ्या पाया पडला! मी ओरडलेच.

तिथून दवाखान्यात. नर्सबाईंना सांगितलं, घरच्यांशिवाय कुणाला वर सोडायचं नाही, भावाला विश्रांती हवी. पेपर घेऊन येणारे आजोबा आले तर? त्यांनाही नाही, म्हटलं. त्यांना तर नाहीच.

मास्तर वर गेले की दादाला सगळं कळणार. मी त्यांना सांगितलंच नव्हतं, हे कळणार. या अवस्थेत त्याला ते झेपायचं नाही.

हे मी नर्सबाईंना सांगितलं. इथं तरी खरं लिहावं. झेपणार नव्हतं ते मला.

२५ मार्च

नर्सबाई म्हणाल्या, "ते आजोबा आज पण आले होते. खाली बाकावर बसून पेपर वाचला आणि गेले."

भांडायला येत असतील. येऊ देत.

२७ मार्च

"मास्तर आला होता का गं?"

"नाही."

"येईल," दादा म्हणाला. मग डोळे मिटून, "तुला काही सांगायचंय का, चिमणे?"

"नाही रे. काय असणार?"

३० मार्च

शाळांचा निर्णय रद्द केला. माझी पहिली सही. दादाला दाखवायला प्रत घेऊन गेले. त्यानं बोटानं माझं नाव चाचपलं. डोळे भरले त्याचे, माझेही. इतकी वर्षं भिंतींवर पोस्टरं चिकटवली ती या एका सहीसाठी, असं वाटलं.

"मास्तरला कळलं का?" म्हणाला. "त्याला बोलव ना. बोलवशील?"

बोलवते म्हणाले. नर्सबाईंच्या टेबलापर्यंत गेले. फोन उचलला, ठेवला. उद्या, म्हटलं. बैठक होती.

३१ मार्च

उद्या.

२ एप्रिल

दादा गेला. सकाळी. मी खात्याच्या बैठकीत होते.

नर्सबाई म्हणाल्या, शेवटी दाराकडे तोंड करून झोपवायला सांगितलं त्यांनी.

३ एप्रिल

साहेबांचं भाषण झालं. पक्षाचा आधारवड वगैरे. बेरीज खरोखर रडला, ते आवडलं. मास्तर सगळ्यात मागे उभे होते. माझ्याकडे बघत होते. मी गर्दीत आईला धरून पुढेच राहिले, वळलेच नाही.

घरी काळा कोट खुंटीला. कुणी काढत नाही. मीही नाही.

७ एप्रिल

मास्तर आले होते, आईला भेटायला. मी तयारीतच होते — काय बोलायचंय ते बोलू दे, ऐकून घ्यायचं. ते बोललेच नाहीत. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "तू मला सांगितलं नाहीस हे त्याला ठाऊक होतं गं. तोच बोलला माझ्याशी, मतदानाच्या आदल्या दिवशी. मीच म्हटलं, जा तू, मी बाहेर बसतो. माझ्या हातानं देता येत नव्हतं ते मत त्यानं दिलं."

मी वाकून त्यांची दुसरी चप्पल पुढे सरकवली.

"ती आपणहून सांगेल, बघ, असं म्हणाला होता. तेवढ्यासाठी गप्प राहिला." मग काखेतला पेपर उगाच नीट केला त्यांनी. "पण मी रोज येत होतो, तर मला वर का सोडलं नाहीस?"