दादूचा गज

रेवदंडा, ३ जानेवारी १९३६
पोचलो एकदाचा! सिराजुद्दीन शेठनी धक्क्यावरच शहाळं पाजलं आणि लाँच दाखवली. खाडीतून रोह्यापर्यंत उतारू नेते. इंजिन पाहून मुंबईच्या कारखान्यातली अकरा वर्षं विसरलो. विलायती मोटारीतून काढलेलं, आठ सिलिंडर एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे. लांबी माझ्या खाटेएवढी. चालू असताना वर चहाचा कप ठेवला तर चहा हलत नाही. असं इंजिन हाताखाली यावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते. आता ते माझं.

५ जानेवारी
माझ्या आधी दादू मिस्त्री होता. दिवाळीत वारला, इंजिनाला गज लावून ऐकता ऐकताच. गज म्हणजे हातभर सळई. एक टोक सिलिंडरवर, दुसरं कानाला, की आतली कुरबूर कळते. मेलेला सिलिंडर शोधायची रीतही सोपी आहे. एकेकाच्या प्लगची तार उपसायची. इंजिनाचा आवाज पडला तर तो जिवंत, नाही पडला तर मेलेला. हे मी मिसरूड फुटायच्या आधीपासून करतो. पण लाँच हाकणारा कान्हा तांडेल मला सांगतो, दादू तारा अशा ओढत नसे. शेठ म्हणतात, दादू असताना पेट्रोल कमी लागे. जेवताना दादू, पाणी भरताना दादू. मेलेल्याचा इतका उदो उदो मी कुठे पाहिला नाही.

८ जानेवारी
आठवा सिलिंडर खोकतो. प्लग बदलला, झडपा घासल्या, तरी खोकतोच. कान्हा म्हणाला, "इंजान तुजा हात वलखत न्हाय, मिस्त्री. दादूची वाट बगतंय."
बायकोनं झोपेत परक्याचं नाव घ्यावं, तसं झालं.

९ जानेवारी
दादूचा गज खाडीत फेकला. भर भरतीला, कान्हाच्या देखत. तो उतरून घरी गेला.
त्यानंतर इंजिन आठही सिलिंडरवर एका सुरात चाललं. बघ म्हणावं दादूला.

११ जानेवारी
गज इंजिनाशेजारी, दादूच्या जुन्या खिळ्याला टांगलेला. ओला, शेवाळ धरलेला. कान्हाचीच खोडी म्हणून त्याच्या घरी गेलो. तो परवापासून तापाने निजून आहे.
पुन्हा फेकला.

१२ जानेवारी
परत आला. सकाळच्या उन्हात, चालू इंजिनावर, गज ओळीने टेकत गेला. टक्, टक्, आठव्यापर्यंत. धरणारा दिसला नाही. आणि इंजिन — माझ्या हाताला कधी चाललं नाही इतकं गोड चाललं.
भ्यायला हवं होतं. मी जळलो.

१३ जानेवारी
लाँच एकट्याने काढली. कान्हा नाही, उतारू नाहीत, दादूचं नाव घेणारं कुणी नाही. फक्त मी आणि इंजिन.

दहा वाजता
थांबत नाही. पेट्रोलचा नळ बंद केला. तारा उपसल्या — एक, दोन — आठही. मांडीवर पडल्यात. आवाज पडला नाही. लाँच समुद्राकडे —

नंतर
गज खिळ्यावर नाही.
ओरडून सांगितलं, घे तुझं इंजिन. खोटं बोललो. अजून मलाच हवंय. त्याला कळलं —
छातीला गार लोखंड टेकलंय. दुसऱ्या टोकाला कान लावून —
ऐकतोय. सावकाश.
आता माझी तार —