टाकीचं किती आलं?

प्रिय ऋता,

आज तुझ्या टाकीत एक गोष्ट घडली आणि ती सांगायला मी सवयीने फोन उचलला. तुझं नाव शोधून झालं होतं, बटण दाबायचंच बाकी. आई समोर बसली होती. ती उठून आत गेली. म्हणून हे पत्र. म्हाताऱ्याला एवढा वेडेपणा माफ असावा!

आठवतं, ही टाकी घरात कशी आली? तुझं लग्न जमेना म्हणून आईने पत्रिका दाखवली, मंगळ निघाला आणि तिने तुझ्यासाठी पोवळ्याची अंगठी करून आणली. तू ती डबीत ठेवून दिलीस. मग तुझ्या खराडीच्या ऑफिसातल्या निखिलला हाताशी धरून हा काचेचा समुद्र वारज्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलास. "मेलेलं पोवळं बोटात घालण्यापेक्षा जिवंत पाळते," म्हणालीस. आई आठवडाभर तुझ्याशी बोलली नव्हती!

मीही टोमणे कमी मारले नाहीत. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आमची कन्या खाऱ्या पाण्यात दगड वाढवते, असं आल्यागेल्याला सांगायचो. "दगड नाहीत हो बाबा, प्राणी आहेत. स्वतःचं घर स्वतः बांधतात, तेही हप्त्यांशिवाय." जीभ माझ्याकडूनच आलेली, तक्रार कुणाकडे करणार?

तू हॉस्पिटलात गेलीस आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. पोवळी पाण्यातलं कॅल्शियम ओढून सांगाडा बांधतात, त्याबरोबर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला सोड्यासारखा अंशही उतरतो. दोन्ही मोजायचं आणि दोन बाटल्यांतून हळूहळू भरून काढायचं. एवढं तू मला पलंगावरून शिकवलंस. बाटल्या एकत्र करायच्या नाहीत, हे सांगायला मात्र विसरलीस! मी शहाणा, एकदमच काम उरकावं म्हणून दोन्हीतलं एका मगात ओतलं. बघता बघता मगात पांढरं ताक! आई म्हणाली, "अहो, हे तुम्हा बापलेकीसारखंच झालं. वेगवेगळे असता तेव्हा गुणाचे, एकत्र आलात की गढूळ." तुला हे सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की नर्स धावत आली.

तेच तुझं शेवटचं मोकळं हसणं. पुढे रोग हाडांत उतरला, हाडं झिजून त्यांतलं कॅल्शियम रक्तात यायला लागलं. डॉक्टर तुझा आकडा सांगायचे, तो वर चढत होता. घरी मी काचेच्या कुपीत थेंब टाकून टाकीचा आकडा काढायचो, तो खाली उतरत होता. मी खोलीत पाऊल टाकलं की तू विचारायचीस, "टाकीचं किती आलं?" स्वतःचं कधी विचारलं नाहीस. आणि एक दिवस म्हणालीस, "बाबा, माझ्यातलं काढून टाकीत घाला ना. दोघींचं भागेल."

असा विनोद बापापुढे करतात का गं? मी हसलो आणि जिन्यात जाऊन रडलो.

टाकीचा आकडा मी सावरला. तुझा मला नाही सावरता आला.

तू गेल्यावर मी मोजणं सोडलं. मोजून सांगायचं कुणाला? बाटल्या ओतत राहिली ती आई, सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. हो, तीच आई! मी विचारलं तर म्हणाली, "जीव आहेत ते. त्यांचा काय दोष?" निखिल भेटायला आला होता. "काका, तुम्हाला झेपायचं नाही, मी घेऊन जातो," म्हणाला. मी हो म्हटलं. रविवारी तो टेंपो घेऊन येणार होता.

आणि आज सकाळी तुझ्या जांभळ्या पोवळ्याच्या फांद्यांची टोकं पांढरी दिसली. पांढरं पडलं म्हणजे मेलं, एवढंच मला ठाऊक. निखिलला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "काका, घाबरू नका. मरायला लागलं की बहुतेक बुडापासून पांढरं होतं. टोकाला पांढरं म्हणजे नवी वाढ."

ऋता, ते वाढतंय! तू नाहीस आणि ते वाढतंय. खरं सांगू? आधी मला त्याचा रागच आला. मग मी कपाटातून तपासणीचं सामान काढलं. थेंब मोजताना चुकलो. आई शेजारी येऊन बसली. "तुम्ही टाका, मी मोजते," म्हणाली.

निखिलला कळवलंय, टेंपो आणू नकोस. फांद्या मोठ्या झाल्या की, तू तोडून द्यायचीस तसा, एक तुकडा त्याला देईन, तो त्याने आपल्याकडे वाढवावा.

आता एक शब्द देतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्याच ओतेन, घाई करणार नाही. आणि रोज मोजून झालं की, तू विचारायची वाट न बघता, तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगेन. शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

आजचं दोन्ही बरोबर आलं, बाळा.

तुझा,
बाबा