न कापलेल्या गुदाशयाबाबत खुलासा

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : गुदाशय शाबूत ठेवल्याबद्दल मागवलेला खुलासा सादर करणे व उद्या, गुरुवारी, एका दिवसाची वैद्यकीय रजा मिळणे.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (एकही मंजूर नाही).
२) आपले ज्ञापन : "शस्त्रक्रिया का करून घेतली नाही, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा."

महोदय,

१. अर्जदार विभागाच्या जलमापक कार्यशाळेत बाक क्रमांक चारवर एकोणीस वर्षे मीटर तपासनीस आहे. लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर खरे बोलतात की खोटे, हे पाहणे त्याचे काम. कार्यशाळेत त्यास 'थेंबमास्तर' म्हणतात. मागचा अर्ज 'मी' असे लिहून केला होता, तो 'भाषा भावनिक' असा शेरा मारून परत आला. म्हणून या अर्जात अर्जदार स्वतःस अर्जदारच म्हणेल आणि भावना शक्यतो आवरेल.

२. गतवर्षी अर्जदारास शौचाच्या वेळी रक्त जाऊ लागले. त्याने कार्यालयीन दवाखान्यात दाखवले. दाखवले म्हणजे तोंडी सांगितले. डॉक्टरांनी मान वर न करता 'मूळव्याध' असे निदान केले आणि मलमाची ट्यूब दिली. अशा पाच ट्यूबा झाल्या, सात महिने गेले, रक्त जायचे ते जातच राहिले. अर्जदारही काही कमी शहाणा नव्हता. कोणी तरी खाली वाकवून तपासेल या लाजेपोटी तो मलमावर समाधानी होता, हे त्याने येथे कबूल करणे भाग आहे. शेवटी अर्जदाराच्या पत्नीने विचारले, "अहो, मीटर आतून गळत असला तर तुम्ही त्याला बाहेरून तेलपाणी करता का?" एकोणीस वर्षांत अर्जदारास त्याच्या धंद्यावरून कोणी एवढे घालून पाडून बोलले नव्हते. दुसऱ्याच दिवशी तो बाहेरच्या डॉक्टरबाईंकडे गेला.

बाईंनी हातमोजा चढवला आणि बोटाने तपासले. पाऊण मिनिट लागले. सात महिन्यांत जे कोणाला सापडले नाही ते पाऊण मिनिटात सापडले. पुढे दुर्बीण झाली, तुकडा तपासला, एमआरआय झाला आणि गुदद्वारापासून चार सेंटिमीटरवर गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निश्चित झाले.

३. आता ज्ञापनातील प्रश्नाकडे. शस्त्रक्रिया का करून घेतली नाही? उत्तर एका ओळीचे आहे : कापायला गाठ उरली नाही. परंतु एका ओळीचा खुलासा कार्यालयात 'उडवाउडवीचा' समजला जातो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इतक्या खालची गाठ असली की बहुतेकदा गुदाशयासह गुदद्वारही काढत आणि पोटावर कायमची पिशवी लावत. पिशवी लावून जगण्यात कमीपणा काही नाही. अर्जदाराची थोरली वहिनी आठ वर्षे पिशवी लावून शाळेत गणित शिकवते आणि तिच्या वर्गात आजही चिडीचूप असते. पण अलीकडच्या संशोधनाने एक निराळी वाट दाखवली आहे. किरणोपचार आणि केमो हे दोन्ही शस्त्रक्रियेच्या आधीच पूर्ण द्यायचे आणि मग नीट पाहायचे. काही रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी होते. अशांना लगेच न कापता कडक नजरेखाली ठेवतात. काही थोड्यांच्या गाठीत एक विशिष्ट दोष असतो, त्यांची गाठ तर नुसत्या प्रतिकारशक्तीच्या औषधानेच विरघळल्याचे नव्या अभ्यासांत दिसले आहे. अर्जदाराची गाठ त्यासाठीही तपासली. तो त्या भाग्यवंतांतला निघाला नाही. ही सर्व माहिती अर्जदाराच्या थोरल्या मुलीने डॉक्टरांचे लेख वाचून त्यास दोनदा समजावली. ती प्रयोगशाळेत काम करते आणि बापाला विद्यार्थी समजते.

अर्जदाराने पाच आठवडे किरण व चार महिने केमो घेतली. त्या दिवसांचे वर्णन कार्यालयीन मराठीत बसत नाही. अखेरीस दुर्बिणीत गाठीच्या जागी एक पांढरट व्रण तेवढा दिसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता काही दिसत नाही. म्हणून आता जास्त बघायचं. दर तीन महिन्यांनी यायचं, चुकवलंत तर माझ्याशी गाठ आहे." अर्जदार दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. हे भावनिक आहे, पण घडलेले आहे.

४. नजरेखाली ठेवणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हे कृपया ध्यानी घ्यावे. अशा साधारण चार जणांत एकाची गाठ त्याच जागी पुन्हा डोके वर काढते, आणि ती बहुधा पहिल्या दोन वर्षांतच. वेळेत सापडली तर शस्त्रक्रिया करून सहसा निभावते. उशिरा सापडली तर मग कापूनही हाती काय लागेल, याची खात्री कोणी देत नाही. म्हणजे अर्जदाराच्या जिवाचा सगळा भार या तीन-तीन महिन्यांच्या तारखांवर आहे.

५. अर्जदार बरा होऊन हजर होण्यास आला, तेव्हा आस्थापना शाखेतील लिपिकाने 'गंभीर आजारानंतर रुजू' हा नमुना संगणकावर उघडला. त्यात रकाना नऊ 'शस्त्रक्रियेचा दिनांक' व रकाना दहा 'काढलेल्या अवयवाचे नाव' असे आहेत. दोन्ही भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. लिपिक स्वभावाने चांगले आहेत. ते म्हणाले, "मास्तर, एखादा लहानसा अवयव सांगा की. अपेंडिक्स घालू का?" अर्जदाराने अपेंडिक्स देण्यास नकार दिला. तेव्हा त्यांनी 'शस्त्रक्रिया प्रलंबित' असे नोंदवले आणि अर्जदार तेव्हापासून विभागाच्या दप्तरी अर्धवट आजारी आहे.

त्यानंतर अर्जदाराच्या कागदांवर आपल्याच सहीचे दोन शेरे पडले. हजर होण्याच्या अर्जावर : "कर्करोग आहे. शस्त्रक्रिया होईपर्यंत कामावर घेऊ नये." रजेच्या अर्जावर, नऊ दिवसांनी : "अहवालानुसार रोग दिसत नाही. रोग नसताना रजा कसली?" महोदय, अर्जदार कामास फार आजारी आहे आणि रजेस फार ठणठणीत आहे. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी आपल्या शाखेची गत झाली असेल तर अर्जदार समजू शकतो. पण चावा त्याला बसतो आहे.

६. मध्यंतरी कार्यशाळा प्रमुखांनी माणूस कमी म्हणून अर्जदारास तोंडी कामावर घेतले. लगेच आपल्या शाखेने 'पिशवीधारक कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी' असा आदेश काढून त्याचा बाक शौचालयालगतच्या भांडारखोलीत हलवला. हेतू थोर होता. अर्जदारास पिशवी नाही, हे त्याने लेखी कळवले. उत्तर आले की पिशवी नसल्याचा दाखला शल्यचिकित्सकाकडून आणावा. शल्यचिकित्सकाने अर्जदारावर शस्त्रक्रिया केलेलीच नसल्याने तो दाखला देण्यास त्यांनी असमर्थता दर्शवली, आणि नंतर बराच वेळ ते हसत होते. बाक चारवरचा चाचणीचा नळ भिंतीत पक्का आहे, तो काही भांडारखोलीत आला नाही. त्यामुळे अर्जदार सध्या नळाशिवाय पाण्याचे मीटर तपासतो. हातात घेतो, हलवतो आणि कानाला लावतो.

७. या सर्वांत मागची तपासणी हुकली. रजा मंजूर नाही, आणि विनापरवाना गैरहजर राहिल्यास सेवाखंड होईल असे बजावल्याने अर्जदार भेकडासारखा कामावर आला. आपल्या जिवाची तारीख टाकून तो दिवसभर भांडारखोलीत दुसऱ्यांचे मीटर कानाला लावत बसला. घरी गेल्यावर पत्नीने नेहमीसारखे ताट वाढले. ती भांडली असती तर बरे झाले असते. आता शेवटच्या तपासणीस साडेपाच महिने झाले आहेत आणि आत काय चालले आहे, हे कोणालाही ठाऊक नाही.

८. आपल्याच सहीच्या एका परिपत्रकाकडे लक्ष वेधतो. त्यात म्हटले आहे : "दुरुस्त केलेला मीटर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासावा. चालू दिसतो या सबबीवर तपासणी टाळणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होईल." इतके शहाणपणाचे परिपत्रक या कार्यालयातून दुसरे निघालेले नाही. कर्मचारी म्हणून अर्जदाराचा विचार करणे नियमात बसत नसेल, तर त्यास दुरुस्त मीटर समजण्यात यावे. त्याची काही तक्रार राहणार नाही.

९. करिता विनंती की,
(अ) उद्याची एक दिवसाची रजा व पुढील तपासण्यांच्या तारखांना रजा मंजूर व्हावी, आणि बाक क्रमांक चार परत मिळावा.
(आ) हे शक्य नसल्यास रकाना नऊ व दहा भरण्यासाठी अर्जदाराचा कोणता निरोगी अवयव, कोणत्या तारखेला काढावा, याचा लेखी आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी मिळावा. तोंडी आदेशावर अर्जदार अवयव देणार नाही.

रजा मिळो अथवा न मिळो, उद्या सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी अर्जदार डॉक्टरबाईंच्या टेबलावर कुशीवर झोपलेला असेल. सेवाखंड करायचा असल्यास करावा. मागच्या वेळी तो घाबरला, ती चूक तो पुन्हा करणार नाही.

१०. येथपर्यंतचा मजकूर कोणीही वाचावा. हा शेवटचा मुद्दा केवळ आपल्यासाठी आहे आणि त्याकरिताच हा अर्ज आवक शाखेत न देता आपल्या हाती देत आहे.

काल आपल्या दालनात अर्जदाराची सुनावणी झाली. ती संपल्यावर आपण लिपिकास बाहेर पाठवले, दार लोटायला सांगितले आणि फाईलकडे पाहत विचारले, "मास्तर, तुमचं ते रक्त... सुरुवातीला किती जायचं? रोज जायचं का?" अर्जदाराने तोंड उघडण्याआधीच लघुलेखिका सह्यांचे कागद घेऊन आत आल्या. आपण लगेच आवाज चढवून म्हणालात, "खुलासा लेखी द्या!"

महोदय, आदेशाप्रमाणे लेखी देत आहे. आधी थोडे जायचे, आठवड्यातून एकदा. मग रोज. दुखत नव्हते, म्हणूनच अर्जदार फसला. पोट साफ झाले नाही असे सारखे वाटायचे. आपणास यातले काय काय होते, हे अर्जदार विचारत नाही. बहुतेकांची ती साधी मूळव्याधच निघते आणि आपलीही तीच निघो, ही अर्जदाराची मनापासून इच्छा आहे. पण ते बाहेरून ओळखता येत नाही, एवढे त्याला आता कळले आहे. लाज वाटेल. ती पाऊण मिनिट वाटते.

अर्जदाराने डॉक्टरबाईंकडे आपल्यासाठी विनंती केली आहे. उद्या त्याच्या पाठोपाठ, दहा चाळीसला, त्यांनी आपली वेळ राखून ठेवली आहे. नोंदवहीत आपले नाव वा हुद्दा नाही, 'थेंबमास्तरांचे स्नेही' एवढेच लिहिले आहे. आपल्या रजेचा निर्णय आपल्याच हाती असल्याने त्यात अडचण येऊ नये.

आपला नम्र आणि अद्याप अखंड,

(सही)
मीटर तपासनीस, बाक क्रमांक चार
(सध्या भांडारखोली)
बुधवार, दिनांक १२

सोबत :
१) दुर्बीण तपासणीचा रंगीत फोटो. आत काही दिसत नाही, तेच पाहावे.
२) दुरुस्त मीटरबाबतच्या परिपत्रकाची प्रत.
३) उद्याच्या वेळेच्या चिठ्ठ्या, दोन. दहा वीसची पाहून परत करावी. दहा चाळीसची परत करू नये.