पंपघर ते कुंपण

११ नोव्हेंबर १९८६, मंगळवार

आज कॅन्टीनच्या जिन्यातच बसकण मारली! एकवीस वर्षांची घोडी मी, आणि अर्ध्या जिन्यात डोळ्यांपुढे काजवे. मागच्या पोरी खोळंबल्या. कोणीतरी म्हणालं, "म्हातारबाईंना वाट द्या गं!" मीही हसले. मग मोरीत जाऊन रडले.

नवसीने पाणी आणून दिलं. माझ्याच टेबलावर बसते ती, बेटेगावकडच्या पाड्यावरून रोज चालत येते. म्हणाली, "तुला काय रोग हाय काय?"

म्हटलं, हो. काळजात दोष आहे.

"कोन बोलला?"

आई.

"आय डाक्टर हाय?"

पाणी पिऊन टाकलं आणि टेबलावर परतले.

१२ नोव्हेंबर

सोजरा माझी मोठी बहीण. नगरकडे गावी असताना शाळेच्या शर्यतीत पळाली, पडली, ती उठलीच नाही. मी तेव्हा चौथीत होते. मास्तर म्हणाले, पोरीच्या काळजात जन्मापासून दोष असणार. त्या दिवसापासून आईने ठरवूनच टाकलं — एकीत होता तर दुसरीतही असणारच. दोरीवरच्या उड्या बंद. विहीर बंद. कवायतीच्या तासाला मी सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. बाबांना इथे कापडाच्या कारखान्यात काम लागलं, आम्ही बोईसरला आलो, तरी नियम तेच. नोकरीसुद्धा बसून करायची म्हणून करू दिली. औषधांच्या कंपनीत दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या. कप्पा रिकामा दिसला की पट्टी बाजूला. हात तेवढे हलतात. बाकीची मी नुसती ठेवलेली असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीत डॉक्टर दमयंतीबाई दर गुरुवारी येतात. नवसीने मला दंडाला धरून त्यांच्यापुढे उभं केलं. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. पुढून, पाठीवरून, पुन्हा पुढून. म्हणाल्या, "पालघरला जाऊन हृदयाचा आलेख काढून आण, रक्तही तपासून घे. तोवर मी काही बोलणार नाही."

काही बोलणार नाही, म्हणजे काय? दिवसभर छातीवर हात ठेवून बसले होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीची आठवड्याची सुट्टी. घरी सांगितलं, नवसीबरोबर साडी बघायला जाते. छातीला, हातापायांना वायरी लावल्या तेव्हा वाटलं, आता कळेल, आता मशीन थांबेल. नवसी दाराबाहेर उभी राहून मोठ्याने विचारत होती, "जिती हाय ना गं?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ठणठणीत!!

बाई म्हणाल्या, "हृदयात काही नाही. रक्तही बरं आहे. तुला फक्त बसवून ठेवलंय." मग दोन उपाय सांगितले. एक — रोज तासभर झपझप चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा बेताने. दुसरा — थोडंच, पण जीव तोडून: जोरात पळायचं, मग सावकाश चालत श्वास घ्यायचा, पुन्हा पळायचं. पाव तासात काम संपलं. "पण आधी महिनाभर पहिला उपाय. मग दुसरा. जमेल तो धर, फक्त सोडू नकोस."

आईला सांगावं? ती भाकरी थापत होती. आलेख घडी करून पेटीत ठेवला.

३ डिसेंबर

पॅकिंगमधल्या हंसाने सुटल्यावर चालणाऱ्यांची टोळीच काढली आहे. मीही जाते. मजा येते! रस्ताभर सासवांचा उद्धार. हंसाला तर तासभरही कमी पडतो. पण घरी उशीर होतो, आणि आई दारात उभीच असते. चालते हे सांगितलं तर म्हणाली, "चाल. पर झपाझपा नगं." आता झपाझपा न चालता चालायचं कसं?

२९ डिसेंबर

आईने चालणंही बंद केलं. म्हणे, चेहरा उतरलाय. चेहरा उतरलेला नाही, गाल उतरलेत!

बरं. मग दुसरा उपाय. महिना झालाच आहे. जेवणाच्या सुट्टीत, गोदामामागे. घरी कळायचा प्रश्नच नाही.

३० डिसेंबर

मेले.

पंपघरापासून कुंपणापर्यंत पळायचं, चालत परत यायचं. नवसी पुढे, मी मागे. पहिल्यांदा पळाले तेव्हा अर्ध्या वाटेत सोजरा आठवली. पाय जागीच थांबले. नवसी मागे वळून ओरडली, "अगं, थांबलीस का? आमी काय तुला खातो?" पळाले. कुंपणाची तार धरून उभी राहिले. छाती अशी धडधडत होती की वाटलं, हेच ते. हेच झालं असणार तिला. मग हळूहळू धडधड उतरली. खाली आली. आणि मी उभीच होते!

संध्याकाळी पाय असे भरून आले की मोरीवर बसवेना. आईला म्हटलं, कंपनीतलं स्टूल मोडकं आहे.

७ जानेवारी १९८७

आज नवसीच्या बरोबरीने कुंपण गाठलं. बरोबरीने! आता आमच्या टेबलावरच्या आणखी चार-पाच पोरीही पळायला येतात.

८ जानेवारी, गुरुवार

दमयंतीबाईंनी हंसाला आणि मला एकामागून एक जिना चढायला लावला. दोघी वर पोचलो. दोघी बोलत होतो. मला वाटलं होतं, माझा उपाय जहाल म्हणजे माझा नंबर वरचा. कसलं काय! बाई म्हणाल्या, "सारख्याच सुधारल्यात. ती तासाभरात करते ते तू पाव तासात करतेस, एवढाच फरक. पण ती करताना हसते. तुझं तोंड बघ आरशात." हंसा जी हसत सुटली!

मग हंसानेच डोक्यात किडा सोडला. सव्वीस जानेवारीला वसाहतीच्या मैदानावर कबड्डी आहे. बायकांचा एकच संघ नाव देतो — बिस्किटवाल्यांचा — आणि न खेळता ढाल घेऊन जातो. आपण उतरायचं!

११ जानेवारी

चालणाऱ्या विरुद्ध पळणाऱ्या असा सराव केला. सुरुवातीला आम्ही त्यांना लोळवलं. चढाई म्हणजे आमचंच काम — एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत आत घुसायचं, शिवायचं, मध्यरेषेवर परत. पण डाव लांबला तशा आमच्या जिभा बाहेर, आणि हंसाची टोळी आपली ताजी. शेवटी आम्हीच हरलो. ठरलं — चढाईला आम्ही, पकडीला त्या. भांडण मिटलं.

आणि चढाईला पहिली कोण? मी! चपला राखणारी!

१४ जानेवारी, संक्रांत

सगळं फुटलं.

हंसा तिळगूळ द्यायला आली आणि आईला म्हणाली, "काकू, तुमची झुंबर काय पळते हो! बाण नुसता!" आईच्या हातातलं तबक तसंच राहिलं. हंसा गेल्यावर मी पालघरचा आलेख काढून दाखवला. डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. एवढंही म्हटलं की बघ, उभी आहे मी, काही झालेलं नाही.

म्हणाली, "कागदाला काय कळतंय? सोजरा बी धडधाकटच व्हती."

बाबा पेपरात डोकं घालून बसले. मी बोलून गेले — तिच्यासारखी मरू नये म्हणून तू मला जगूच दिलं नाहीस. फार लागलं असेल तिला. पण खोटं नाही ते.

तबक खाली ठेवून एवढंच म्हणाली, "मला पुन्यांदा त्येच बगाया लावू नगं."

१९ जानेवारी

आई बोलत नाही. डबा मात्र रोज भरलेला. मी रोज पळते. चोरून नाही, आता सांगून. "आई, आज पळणार आहे." ती तिकडे तोंड करते.

२५ जानेवारी

उद्या. आईला म्हटलं, ये ना बघायला. ती तांदूळ निवडत राहिली.

२६ जानेवारी, सोमवार

जिंकलो!!! जिंकलो, जिंकलो, जिंकलो!

सगळं आजच लिहायचं. पंजाबी ड्रेस, ओढण्या कमरेला आवळलेल्या, पाय अनवाणी. बिस्किटवाल्या एकेक अशा दणकट की बघूनच नवसी म्हणाली, "ह्या काय बिस्किटं खातात का भट्टी?" पहिल्या डावात आम्ही मागे. दुसऱ्यात हंसाच्या बायकांनी पाय रोवले; त्या दमतच नव्हत्या. बरोबरी झाली आणि शेवटची चढाई माझी.

आत गेले. एकीला शिवले. वळले तोच कोणीतरी घोटा धरला, कोणी कंबर, आणि सगळ्या अंगावर. तोंड मातीत. वर ओझं, पण दम सुटला नव्हता — कबड्डी, कबड्डी, कबड्डी — आणि डोळ्यांपुढे रेषा. इंच इंच सरकले. बोट टेकलं. शिट्टी!

आणि त्याच वेळी कोणाची तरी किंकाळी. "माजी पोर! उठा गं, उठा माज्या पोरीवरनं!" मैदानाच्या त्या टोकापासून, हातात पदर, डोकं उघडं, माझी आई धावत येत होती! दोरी ओलांडून थेट आत. बिस्किटवालीच्या पाठीत धपाटाही घातला! ती बिचारी उठली. मग बाकीच्या ओरडायला लागल्या, यांचं माणूस आत आलं, गुण रद्द करा. पंच म्हणाले, "बाई आत आल्या त्याच्या आधीच हात टेकला होता. माझ्या डोळ्यांसमोर." माझ्यावर पडलेल्या सगळ्या बाद!

आईने मला मातीतून ओढून काढलं आणि छातीवर कान लावला. सगळ्या वसाहतीसमोर. लोक हसत होते. मी हलले नाही. बराच वेळ ऐकत होती. मग कान तसाच ठेवून म्हणाली, "लई जोरात वाजतंय गं." म्हटलं, आई, ते वाजायलाच पाहिजे.

ढाल हंसाकडे. माझ्या नाकावर खरचटलंय. कोपर सुजलंय. एवढं सुख अंगात मावत नाही.

२७ जानेवारी

सकाळी आई चुलीपाशी बसून आपले पाय दाबत होती. विचारलं, काय झालं? लाजली. म्हणाली, "काल पळाले ना मी. सोजरा गेल्यापास्नं पयल्यांदाच पळाले, झुंबर. रोज वाटायचं, पळाले तर मी बी तशीच पडंल. आन् मग तुज्याकडं कोन बगंल?" मग स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. "पर मला काईच झालं नाय गं."