कोपऱ्यावरचा माठ

सोडा फोडताना गोटी बाटलीत पडायची, तो टप् आवाज आणि मागून उसळणारी फसफस मला इतक्या वर्षांनीही या खोलीत बसून ऐकू येते. सबब माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे असे समजावे. मी, अनंत बळवंत पेडणेकर, राहणार मुलुंड, कोणाच्या धाकाने नव्हे तर राजीखुशीने पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक मुलगा नंदकुमार यास. शाळेपासून जपलेली कवितांची पुस्तके नात उत्तरा हिस. तिने ती मोठ्याने वाचावीत. मनातल्या मनात वाचायची कविता मला कधी पटली नाही.

२. कोपऱ्यावरचे सोड्याचे दुकान नंदकुमारास. मात्र दुकानाची पायरी आणि तिवईवरचा माठ यात धरू नयेत. कारण लिहितो.

फाळणीनंतर जेठानंद सिंधमधून आला, मी मालवणहून. दोघांनी मिळून दुकान थाटले. बाटल्या भरताना मी कविता म्हणायचो. त्या ऐकून तो मराठी शिकला. त्यामुळे मासळीची पाटी उतरवून टेकलेल्या सोनूबाईला तो म्हणाला, "हे रमणी, शीतल जल प्राशन कर."

"मेल्या, पाणी देतोस का आरती करतोस?" असे म्हणून ती दोन पेले प्यायली.

पाणीच, सोडा नव्हे. जेठाच्या माणसांत पाण्याला देव मानतात. दुकान उघडण्याआधी तो पायरीवर माठ भरायचा. येईल त्याला फुकट.

"पाणी फुकट मिळाल्यावर सोडा कोण पिणार रे?" मी म्हणायचो.

"ज्याला तहान नाही तो."

बासष्ट साली यावरूनच बिनसले आणि तो निघून गेला. वाटणी मागितली नाही, माठही नेला नाही. हा राग मी सोडलेला नाही. माणसाने भांडावे, पण भांडण अर्धे टाकून जाऊ नये.

तेव्हापासून माठ मी भरतो, त्याचे फडके मी भिजवतो. बसचे कंडक्टर आमच्या थांब्याला 'माठ' म्हणूनच हाक देतात. नंदकुमार म्हणतो, "बाबा, तिथे झेरॉक्सचं मशीन बसेल. माठ काढू या ना." बसेल, त्यात खोटे काही नाही. म्हणूनच:

३. पायरी व माठ जेठानंद खेमलाणी यास, तो नसल्यास त्याच्या वारसांस. त्यांच्या संमतीवाचून माठ हलवू नये. पत्ता मजपाशी नाही. शोध नंदकुमारने घ्यावा आणि सापडेतो माठ रोज त्यानेच भरावा.

मुलुंड, ता. ९ मार्च १९८६
अनंत बळवंत पेडणेकर (सही)
साक्षीदार : १. दत्ताराम सावे, शेजारी (सही)
२.

दुसऱ्या साक्षीदार शांताबाई यायच्या आहेत, त्यांची जागा मोकळी ठेवली आहे. आता दार वाजले. त्याच असतील म्हणून उत्तराने उघडले. दारात काठी टेकलेला, पांढऱ्या केसांचा एक म्हातारा. वहाणा काढता काढता मला म्हणाला, "हे सख्या अनंता, माठाचे फडके शुष्क जाहले आहे. लक्ष कुठे असतं रे तुझं?"